विसरभोळेपणाचे सोंग आणि व्यक्तिमत्त्व चाचणी : या चुका टाळा

डोक्याला मार लागल्यानंतर भरपाईचा दावा चालू असताना ‘काही आठवत नाही’ ही तक्रार कितपत खरी आहे, हे तपासण्यासाठी अमेरिकेतील मानसतज्ज्ञ एमएमपीआय-2 ही 567 विधानांची व्यक्तिमत्त्व चाचणी बरीच वापरतात. घोळ होतो तो बहुधा तिचे गुण वाचताना.

सर्वांत मोठी चूक म्हणजे एफ मापनीचा, म्हणजे चाचणीतील एका ठरावीक विधानगटाचा, गुण सामान्य आला की उत्तरे प्रामाणिक धरणे. या मापनीतील बरीच विधाने तीव्र मानसिक आजाराकडे झुकणारी आहेत. विसरण्याचे सोंग घेणारा माणूस भास होतात असे कशाला सांगेल? तो अपघातापूर्वी आपण किती धडधाकट आणि सरळमार्गी होतो हे ठसवतो आणि नंतरच्या डोकेदुखीचा, थकव्याचा, विसरण्याचा पाढा वाचतो. नेमका हाच नमुना टिपण्यासाठी लीस-हेली आणि सहकाऱ्यांनी 1991 मध्ये 43 विधानांची एफबीएस मापनी मांडली. पुढे 2007 मध्ये आलेल्या आरबीएस मापनीसाठी तर स्मृतिचाचणीत पुरेसा प्रयत्न न करणाऱ्यांना वेगळी काढणारी विधानेच निवडली गेली.

मात्र एफबीएसचा गुण वाढला म्हणून समोरचा लबाड, हा निष्कर्ष तितकाच उतावळा आहे. तिच्यात शारीरिक तक्रारींची विधाने भरपूर असल्यामुळे खरोखर आजारी माणसाचाही गुण चढतो, आणि या कारणावरून तिच्यावर झालेली टीका मला रास्त वाटते. तिचा कच्चा गुण, म्हणजे 43 पैकी किती विधानांना त्या नमुन्यासारखी उत्तरे आली ती संख्या, 23 च्या आसपास असेल तर फार तर शंका घ्यावी. 30 च्या पुढे गेल्यावर ती बळावते. हे गुण वाचण्याआधी व्हीआरआयएन मापनी पाहून उत्तरे वाटेल तशी दिलेली नाहीत ना, याची खात्री करावी.

शिवाय व्यक्तिमत्त्व चाचणी माणूस काय सांगतो एवढेच दाखवते. त्याला काय जमते हे ती दाखवत नाही. म्हणून माणूस खरोखर प्रयत्न करतो का हे तपासणारी, ‘टॉम’ नावाच्या स्मृतिचाचणीसारखी चाचणी सोबत हवीच. टॉममध्ये 50 चित्रे दाखवून नंतर दोन-दोन चित्रांतून आधी पाहिलेले ओळखायला सांगतात. डोळे मिटून बोट ठेवले तरी सुमारे 25 उत्तरे बरोबर येतात. त्यामुळे कोणाची 15 च आली, तर बरोबर चित्र ओळखूनही ते टाळले गेले, असा अर्थ निघतो. इतका स्पष्ट पुरावा क्वचितच हाती लागतो. तो नसेल तेव्हा अहवालात ‘तक्रारी विश्वासार्ह वाटत नाहीत’ एवढेच लिहावे, कारण हेतू कोणत्याच मापनीत मोजलेला नसतो.