गरव्या भाताची चूड फाकवा; खाटीक पक्षी कुठे उतरतो ते बघा

हळवं (लवकर पिकणारं) भात कापून झालं, गरवं (उशिरा पिकणारं) अजून उभं आहे आणि परतीच्या पावसाचं मळभ हटत नाही. लष्करी अळीला हेच हवं असतं. दरवर्षी बघतो, माणूस मेरेवर (बांधावर) उभा राहतो, पिवळं भात बघून खूश होतो आणि घरी जातो. चूड, म्हणजे भाताच्या रोपांचा झुबका, फाकवत नाही. चार दिवसांनी लोंब्यांचा खच पडतो, मग दुकानाकडे धाव.

अळी दिवसा चुडाच्या बुंध्यात आणि भेगांत दडते, अंधारात वर चढून लोंब्या कातरते. वाकल्याशिवाय ती दिसायची नाही.

वाकायचं कुठे, ते खाटीक पक्ष्याला विचारा. बुलबुलापेक्षा मोठा, डोकं राखाडी, कमरेकडे तांबूस, शेपटी लांब. चोचीपासून डोळ्यावरून मागे गेलेला काळा पट्टा, चोचीचं टोक आकडीसारखं. वठलेल्या फांदीवर एकटा बसतो, खाली झेपावतो, बहुतेकदा परत तिथेच येतो. टोळ, अळ्या, सरडे, उंदराची पिल्लं, काही सोडत नाही; दुसऱ्या पाखरांची पिल्लंही खातो, तेव्हा त्याला साधू समजू नका. उरलेलं काट्याला टोचून ठेवतो, म्हणून खाटीक. परवा आमच्या मेरेवरच्या करवंदीला एक नाकतोडा टोचलेला होता. डोकं गायब, मागची तंगडी अजून हलत होती. मेर साफ करताना ती जाळी तेवढी ठेवा.

हा माझा अंदाज, शास्त्र नव्हे: मळभाच्या दिवशी अळी उजेडातही वर असते, आणि खाटीक एकाच खाचरात पुन्हापुन्हा उतरला तर आधी तिथली चूड फाकवतो. कधी नुसते टोळच निघतात. पण वाकणं तरी होतं.

चौरस मीटरला 4 ते 5 अळ्या दिसल्या तर थांबू नका. खाचरात पाणी बांधा, दडलेल्या अळ्या वर येतात, पाखरं टिपतात. चिव्याच्या (बारीक बांबूच्या) काठ्यांचे पक्षीथांबे हेक्टरी 20 ते 25, पिकापेक्षा हातभर उंच. रात्री घुबडंही बसतात, उंदीर कमी होतात. दाणे खाणाऱ्या मुनिया येऊ लागल्या तर थांबे काढून टाका.

अळ्या लहान असतील तर 5 टक्के निंबोळी अर्क: 5 किलो कुटलेली निंबोळी, 100 लिटर पाणी, संध्याकाळी, चुडाच्या बुंध्यापर्यंत. आपल्याकडे कडुनिंब कमी, निंबोळी घाटावरून आणावी लागते, तरी दुकानदाराच्या ‘दोन बाटल्यांच्या पॅकेज’पेक्षा स्वस्त पडते. कुणी डायक्लोरव्हॉस हे जुनं कीटकनाशक काढून दिलं तर घेऊ नका, 31 डिसेंबर 2020 पासून त्याच्या वापरावर बंदी आहे.

बाकी नेहमीचं: अळी नसेल तर कापणीआधी 8-10 दिवस पाणी काढणे. 90 टक्के दाणे पिकल्यावर जमिनीलगत कापणी. पाऊस दिसला तर उडवी (कापलेल्या भाताची रास) झाकणे. दाणे 12 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवणे.

आज संध्याकाळी, दिवेलागणीला, बॅटरी घेऊन खाचरात उतरा.