घरच्या जीटीएस सर्व्हरला डीएस जोडत नाही? या चुका टाळा

निन्टेन्डो डीएस या हातातल्या गेम कन्सोलवरच्या पोकेमॉनच्या जुन्या खेळांसाठी घरच्या घरी जीटीएस (ऑनलाइन पोकेमॉन अदलाबदलीची सेवा) सर्व्हर चालवू पाहणाऱ्यांचे मला बरेच मेसेज येतात. सुरुवात बहुतेक वेळा एकच असते: "ताई, सगळं बरोबर केलंय, तरी जोडत नाहीये." लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींमध्ये, काय दिसतंय असं विचारलं तर लॉग उघडलेलाच नसतो. पण तोपर्यंत राउटर रिसेट झालेला असतो, फायरवॉल बंद केलेली असते आणि सर्व्हर चालवणाऱ्या स्क्रिप्टच्या चार ओळी बदललेल्या असतात. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आधी काय कशाला जोडलंय ते डोक्यात पक्कं करा. निन्टेन्डोने डीएसची ऑनलाइन सेवा २० मे २०१४ ला बंद केली. खेळ मात्र अजूनही सर्व्हरांची तीच जुनी नावं शोधतो: जोडणी तपासायला कॉनटेस्ट, लॉगिनसाठी नास आणि जीटीएससाठी गेमस्टॅट्स२. आपण डीएसला डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) म्हणून आपल्या कॉम्प्युटरचा पत्ता देतो. डीएस विचारतो "गेमस्टॅट्स२ कुठे राहतो?", आपला डीएनएस सांगतो "इथेच". मग पोर्ट ८० वर (पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरचं क्रमांक दिलेलं दार) साध्या एचटीटीपीने देवाणघेवाण होते. म्हणजे आधी वायफाय, मग पोर्ट ५३ वरचा डीएनएस, मग पोर्ट ८०. तपासायचंही याच क्रमाने. खालची पायरी पक्की झाल्याशिवाय मी वरच्या पायरीला हात लावत नाही.

दुसऱ्या रकान्यातला डीएनएस

या चुकीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हिने माझ्या दिवाळीच्या दोन संध्याकाळी खाल्ल्या.

भाचा सुट्टीला आला होता. सोबत डीएस लाइट आणि पोकेमॉन हार्टगोल्डचं कार्ट्रिज. सर्व्हर माझ्या लॅपटॉपवर. पहिल्यांदा जोडला, पोकेमॉन आला, पोरगं खूश. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा आला. मग सलग चार वेळा नाही. धड बंदही पडत नव्हता आणि धड चालतही नव्हता. असा दोष सगळ्यात वाईट, कारण माणूस मधे जे काही बदलतो त्यालाच यश चिकटवतो. मी डीएनएसचं उत्तर बनवणारा भाग पुन्हा लिहिला, एकदा चाललं, म्हटलं सुटलं. जेवून परत बसलो तर पुन्हा तेच.

लॉगमध्ये चूक दिसत नव्हती. जेव्हा जोडायचा तेव्हा प्रश्न यायचा, उत्तर जायचं. जेव्हा जोडायचा नाही तेव्हा नासचा प्रश्न यायचा, उत्तर जायचं, आणि पुढे काहीच नाही. दुसऱ्या दिवशी रात्री भाचा खालच्या स्क्रीनवर स्टायलसने सेटिंगचं पान सरकवत होता. त्याने विचारलं, "मावशी, या दुसऱ्या खणात आठ-आठ-आठ-आठ का लिहिलंय गं?"

ते मीच लिहिलं होतं, पहिल्याच दिवशी. प्रायमरी डीएनएसच्या रकान्यात लॅपटॉपचा पत्ता आणि सेकंडरीत ८.८.८.८, म्हणजे गूगलचा डीएनएस, इंटरनेट सुरू राहावं म्हणून. लॅपटॉपचं वायफाय वीज वाचवायला मधेमधे डुलकी घेत होतं, त्यामुळे आमचं उत्तर कधीकधी उशिरा पोचायचं. तेवढ्यात डीएस दुसऱ्याला विचारून मोकळा व्हायचा. तिकडून मिळणाऱ्या उत्तराचा आम्हाला काडीचा उपयोग नव्हता. आणि तो दुसरा प्रश्न लॅपटॉपकडे येतच नव्हता, तर लॉगमध्ये दिसणार कसा?

तेव्हापासून माझा नियम आहे: सेकंडरीतही प्रायमरीचाच पत्ता. दोन्ही रकाने एकसारखे. उत्तर उशिरा आलं तर जोडणी सरळ तुटेल आणि मला कळेल. लॅपटॉपच्या वायफायचं पॉवर सेव्हिंग बंद, आणि जमलं तर लॅपटॉप केबलनेच राउटरला.

वायफाय दिसतच नाही

डीएस फक्त २.४ गिगाहर्ट्झवर आणि १ किंवा २ एमबीपीएस वेगानेच बोलतो. राउटरवर "फक्त एन" किंवा "फक्त जी" हा नव्या वेगांचा मोड असेल तर डीएसला तो दिसणार नाही. शिवाय डीएसच्या खेळांना डब्ल्यूपीए ही वायफायची आजची सुरक्षा कळत नाही, एक तर जुनी डब्ल्यूईपी नाहीतर बिनपासवर्डचं उघडं नेटवर्क. पोकेमॉन ब्लॅक आणि व्हाइट हे खेळ डीएसआय किंवा थ्रीडीएस या नंतरच्या कन्सोलवर खेळत असाल तर डब्ल्यूपीए चालतं, पण डीएसआयवर ते चौथ्या ते सहाव्या जोडणीत टाकावं लागतं.

डब्ल्यूईपी काही मिनिटांत फोडता येतं. म्हणून घरचं मुख्य वायफाय यासाठी उघडं करू नका, कुणी कितीही "पाच मिनिटांचं काम आहे" म्हटलं तरी. ज्या वायफायवर बाबांचं बँकेचं काम चालतं ते खेळासाठी खाली आणायचं नसतं. माझ्याकडे माळ्यावरचा एक जुना राउटर आहे. त्याला इंटरनेटची केबल जोडते, खेळ झाला की प्लग काढते. राउटरवर "गेस्ट नेटवर्क" किंवा "एपी आयसोलेशन" (उपकरणं एकमेकांपासून वेगळी ठेवणारी सेटिंग) चालू असेल तर डीएसला इंटरनेट मिळतं पण लॅपटॉप दिसत नाही. हे आधी बघा.

थ्रीडीएसवाले हमखास एक गोष्ट विसरतात. हार्टगोल्डसारख्या डीएसच्या खेळांची जोडणी थ्रीडीएसच्या इंटरनेट सेटिंगमध्ये वेगळ्या जागी असते. तुम्ही नेहमीच्या जोडणीत डीएनएस बदलून बसलात तर खेळाला त्याचा पत्ताच नसतो.

पोर्ट आधीच कुणीतरी धरलेला

बऱ्याच लिनक्सवर सिस्टमडी-रिझॉल्व्हड ही डीएनएसची सेवा १२७.०.०.५३ वर पोर्ट ५३ धरून बसलेली असते. स्क्रिप्टने ०.०.०.० वर, म्हणजे कॉम्प्युटरच्या सगळ्या पत्त्यांवर, ऐकायचा प्रयत्न केला की "पत्ता वापरात आहे" अशी चूक येते. लोक मग ती सेवाच बंद करतात आणि घरचं इंटरनेट घालवून बसतात. तसं करायची गरज नाही. स्क्रिप्टला नेटवर्कवरचा नेमका पत्ता द्या, १९२.१६८.१.१० किंवा तुमचा जो असेल तो. विंडोजवर इंटरनेट शेअरिंग चालू असेल तर तेही ५३ धरतं. पोर्ट ८० अडलेला असेल तर झॅम्पसारखा वेब सर्व्हर चालू आहे का बघा.

स्क्रिप्ट १२७.०.०.१ वर ऐकत असेल तर ती फक्त त्याच कॉम्प्युटरला ऐकू येते.

पायथन २ या प्रोग्रामिंग भाषेतली जुनी स्क्रिप्ट पायथन ३ ने चालवू नका.

फायरवॉल बंद करण्याची घाई

उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं जोडलं नाही की पहिलं काम फायरवॉल बंद, दुसरं काम राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून आत यायला दार उघडणं. हे बघून खरंच जीव तुटतो. डीएस आणि लॅपटॉप एकाच घरात असताना पोर्ट फॉरवर्डिंगचा काहीही संबंध नाही. आणि ५३ बाहेर उघडलात तर जगातला कुणीही तुमच्या डीएनएसला प्रश्न विचारू शकतो. असे उघडे डीएनएस दुसऱ्यांवर हल्ले करायला वापरले जातात, आणि मग तक्रार तुमच्या नावाने येते.

विंडोजमध्ये बहुतेक वेळा दोष एवढाच असतो की नेटवर्क "पब्लिक" म्हणून नोंदलेलं असतं. ते "प्रायव्हेट" करा आणि यूडीपी ५३, टीसीपी ८० एवढ्यांनाच परवानगी द्या. यूडीपी आणि टीसीपी या माहिती पाठवायच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत, म्हणून यूडीपी हा शब्द नीट वाचा. डीएसचा प्रश्न यूडीपीवरच येतो, आणि अर्ध्या लोकांनी टीसीपी ५३ उघडलेला असतो.

काल चाललं आणि आज नाही, तर आधी लॅपटॉपचा पत्ता बघा. लाइट जाऊन आली की राउटर नवा पत्ता वाटतो. राउटरमध्ये तो पत्ता लॅपटॉपसाठी राखून ठेवा.

मित्र दुसऱ्या गावी असेल तर गोष्ट वेगळी. राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल तर तुमची इंटरनेट कंपनी एकच खरा बाहेरचा पत्ता अनेकांमध्ये वाटून देते आहे. घरातून कितीही पोर्ट फॉरवर्ड केलेत तरी बाहेरचं कुणी आत येणार नाही. महिन्याला थोडे पैसे देऊन भाड्याचा सर्व्हर घ्या आणि तिथे फक्त मित्राच्या पत्त्याला परवानगी द्या.

नासचं काय केलंत?

जुन्या स्क्रिप्ट फक्त गेमस्टॅट्स२ चं उत्तर स्वतः देतात. बाकीचे प्रश्न साध्या डीएनएसकडे ढकलतात. २०१४ आधी ते चालायचं, कारण नास जिवंत होता. आता ते प्रश्न चाहत्यांनी चालवलेल्या एखाद्या सर्व्हरच्या डीएनएसकडे पाठवावे लागतात. नासही घरीच चालवायचा हट्ट असेल तर लक्षात ठेवा, लॉगिनसाठी डीएस एसएसएलव्ही३ आणि आरसी४ ही जुनी एन्क्रिप्शनची भाषा बोलतो. एन्क्रिप्शनचं काम करणाऱ्या आजच्या ओपनएसएसएलमध्ये ते बंद असतं, त्यामुळे जोडणीची हातमिळवणीच होत नाही. नवशिक्यांनी या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. आधी जीटीएस चालवा, महिनाभर वापरा.

मी कशी तपासते

लॅपटॉपवर टीसीपीडंप (नेटवर्कवर काय येतंय-जातंय ते दाखवणारा प्रोग्रॅम) लावते, फक्त पोर्ट ५३. मग डीएसवर जोडणीची चाचणी. लॅपटॉपच्या स्क्रीनवर ओळ उमटली नाही तर दोष वायफाय, पत्ता किंवा फायरवॉलमध्ये, स्क्रिप्टला हात नाही. ओळ उमटली, उत्तर गेलं, मग पोर्ट ८० बघते. फोनवरून तपासायचं असेल तर अँड्रॉइडचं "प्रायव्हेट डीएनएस" आधी बंद करा. नाहीतर फोन तुमच्या डीएनएसला विचारेलच असं नाही आणि तुम्ही चांगल्या सर्व्हरला दोष देता.

पोर्ट ८० वर जीटीएसच्या विनंत्या येत असूनही खेळ चूक दाखवत असेल तर तुम्ही पाठवताय त्या पोकेमॉनच्या फाइलचा आकार बघा. डायमंडपासून सोलसिल्व्हरपर्यंतच्या खेळांत बॉक्समधला (साठवून ठेवलेला) पोकेमॉन १३६ बाइट आणि पार्टीतला (सोबत बाळगलेला) २३६. ब्लॅक-व्हाइटमध्ये पार्टीतला २२०. हार्टगोल्डची फाइल व्हाइटला पाठवलेली मी कितीदा पाहिली आहे.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. मी शेजारी वही ठेवते. वेळ, काय बदललं, डीएसने दाखवलेला पाच आकडी कोड. भाच्याने त्या रात्री शेवटची ओळ स्वतःच्या अक्षरात लिहिली आहे: "१०:४०, दुसरा खण पण लॅपटॉपचा, दहापैकी दहा वेळा."