नम्पायचा अ‍ॅरे फोरट्रानमध्ये विस्कटत होता: माझा अनुभव

पायथनच्या 'नम्पाय' या आकडेमोडीच्या लायब्ररीतून ३ ओळी, ४ स्तंभांचा आकड्यांचा तक्ता, म्हणजे अ‍ॅरे 'टूफाइल' या फंक्शनने बायनरी फाइलमध्ये लिहिला आणि फोरट्रान या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेत वाचला. आकडे सगळे बरोबर, जागा मात्र चुकलेल्या: ० ते ११ भरले, तर दुसऱ्या ओळीच्या पहिल्या स्तंभात ४ ऐवजी १.

आधी बाइटक्रमावर (एका आकड्याचे बाइट कोणत्या क्रमाने ठेवतात त्यावर) संशय घेतला. तो चुकता तर आकडेच निरर्थक आले असते. मग 'अ‍ॅजफोरट्रानअ‍ॅरे' हे मेमरीत स्तंभामागून स्तंभ मांडणारं फंक्शन वापरून लिहिलं, तरी फरक शून्य. दोन दिवस यातच गेले. खरी मेख इथेच आहे: अ‍ॅरे मेमरीत कसाही असो, 'टूफाइल' नेहमी सी-क्रमानेच, म्हणजे ओळीमागून ओळ लिहितं. फोरट्रान स्तंभामागून स्तंभ वाचतं.

शेवटी चाललेल्या पायऱ्या अशा. आधी अ‍ॅरे 'फ्लोट६४' (८ बाइटचे दशांश आकडे) केला. मग त्याचा ट्रान्सपोज (ओळींचे स्तंभ, स्तंभांच्या ओळी) घेऊन त्यावर 'टूफाइल' चालवलं. फाइल बरोबर ९६ बाइटची आहे ना, हे तपासलं (१२ आकडे, प्रत्येकी ८ बाइट). फोरट्रानमध्ये ३ बाय ४ चा, प्रत्येकी ८ बाइटच्या रिअल (दशांश) आकड्यांचा अ‍ॅरे घोषित केला आणि फाइल 'अनफॉरमॅटेड' (मजकूर नव्हे, थेट बायनरी), अ‍ॅक्सेस 'स्ट्रीम' (बाइट सलग वाचणारा प्रकार) ठेवून उघडली. 'स्ट्रीम' विसरू नका. नेहमीचा सिक्वेन्शियल प्रकार प्रत्येक रेकॉर्डच्या (एका वेळी लिहिलेल्या तुकड्याच्या) मागेपुढे लांबीची खूण शोधतो, आणि ती या फाइलमध्ये नसते.

आता त्या जागी ४ येतो.