अंड्यावरच्या कोंबड्यांना शेवगा, हळद, झेंडू कसा द्यावा

परसात पंधरा-वीस कोंबड्या असल्या की शेवग्याचा पाला, घरची हळद, दसरा-दिवाळीनंतर उरलेला झेंडू हे सगळं त्यांच्या कामी येतं. पण आधी मूळ खाद्य पुरतं हवं. संकरित अंड्याची कोंबडी दिवसाला 110 ते 120 ग्रॅम खाद्य खाते आणि त्यात 16 ते 18 टक्के प्रथिनं लागतात. नुसत्या कण्या आणि ज्वारीवर ठेवलेल्या कोंबडीला कितीही पाला घातला तरी अंडी वाढणार नाहीत. म्हणून पुढची मापं तयार लेयर मॅशमध्ये (अंड्यावरच्या कोंबड्यांचं विकतचं भरडलेलं खाद्य) किंवा नीट जुळवलेल्या घरच्या भरड्यात मिसळायची आहेत.

शेवगा वाळवणं

सगळ्यात जास्त लक्ष इथं द्या. वाळलेल्या पाल्यात पाव हिस्सा तरी प्रथिनं असतात, शिवाय अ-जीवनसत्त्व तयार करणारं पिवळं द्रव्यही असतं. हे द्रव्य उन्हात जातं, म्हणून पाला सावलीतच वाळवा. देठ काढा, पाला धुवा, पाणी निथळू द्या आणि पडवीत स्वच्छ कापडावर पातळ पसरा. दिवसातून दोनदा उलथा. मुठीत चुरडला की कुरकुरून भुगा झाला पाहिजे आणि रंग हिरवाच राहिला पाहिजे. काळपट पडलेला किंवा कुबट वास येणारा पाला उकिरड्यावर टाका. बेळगावकडच्या खानापूरच्या पावसात पाला वाळत नाही, बुरशी धरतो. तेव्हा मृगाच्या आधीच वर्षाचं काम उरकून हवाबंद डब्यात भरून ठेवा. चार किलो ओल्या पाल्याचा साधारण एक किलो भुगा होतो.

निपाणीकडच्यांनी आणखी एक जपावं: तंबाखूच्या पोत्यात खाद्य भरू नका आणि तंबाखू पडलेल्या खळ्यावर पाला पसरू नका. निकोटिन कोंबड्यांना विषारी असतं.

मिसळण

10 किलो खाद्याला शेवग्याचा भुगा 300 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, वाळलेल्या झेंडूच्या पाकळ्यांची पूड 50 ग्रॅम. आधी हे सगळं एक किलो खाद्यात एकजीव करा, मग तो किलो उरलेल्या नऊ किलोत घोळा. एकदम टाकलं तर एकीच्या चोचीत सगळी हळद जाते आणि दुसरीला काहीच मिळत नाही. पहिल्या आठवड्यात अर्धंच माप ठेवा. आठवड्याला पुरेल एवढंच मिसळा.

हळद घरची किंवा ओळखीच्या शेतकऱ्याची घ्या, चिकोडी-रायबागकडे ती पिकते. सुट्या पुडीत रंगाची भेसळ असू शकते. झेंडूने बलक केशरी होतो. कोंबडी हा रंग स्वतः बनवत नाही, तो मका, पाला आणि फुलांतूनच येतो. झेंडू फवारणी न केलेलाच वापरा. बाजारातल्या हारांतला नको.

लसूण आठवड्यातून एखाद्या दिवशी, तोही थोडा ठेचून, पाण्यातून. कडुलिंब मात्र माझ्या मते रोजच्या खाद्यात नकोच. जास्त झाला की कोंबड्या खाद्य सोडतात आणि अंडी घटतात.

कवचासाठी

पाल्याने कवच घट्ट होत नाही. त्याला कॅल्शियम लागतं, एका अंड्याच्या कवचात सुमारे 2 ग्रॅम. शिंपल्यांचे गव्हाएवढे तुकडे वेगळ्या भांड्यात ठेवा आणि ते संध्याकाळी भरलेलं असू द्या. कवच मुख्यतः रात्री बनतं, म्हणून कोंबड्या संध्याकाळी हे तुकडे टिपतात. तलंगांपुढे हे भांडं ठेवू नका. अंड्यावर येण्याआधी जास्त कॅल्शियम गेलं तर मूत्रपिंडं बिघडतात.

अंडी कमी झाली किंवा खाद्य उरू लागलं तर माप निम्म्यावर आणा. खाद्याला बुरशी दिसली तर सगळंच फेका. त्यातलं अफलाटॉक्सिन हे बुरशीचं विष उन्हात वाळवून जात नाही.

मान मुरगळणं, हिरवी हगवण, एकाएकी मरतूक यांतलं काही दिसलं तर काढे करत बसू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. ती राणीखेत ही कोंबड्यांची साथ असू शकते. तिच्यावर औषध नाही, आधीच लस द्यावी लागते. पिल्लं 5 ते 7 दिवसांची असताना लासोटा ही लस द्या आणि पुढचे डोस डॉक्टरांना विचारून वेळेवर घ्या.