डिफरन्शियलवर ट्रिप? पिकअप वाढवण्याआधी या चुका तपासा

मे महिन्यात मुंबईत एसींचा लोड चढला की हिवाळ्यात चार्ज केलेले (सप्लायवर घेतलेले) काही ट्रान्सफॉर्मर अचानक डिफरन्शियलवर ट्रिप व्हायला लागतात. डिफरन्शियल म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंचे करंट ताळून पाहून, फरक दिसला की ब्रेकर उघडणारं रिलेचं संरक्षण. तेलाचा रिपोर्ट चांगला, मेगर (इन्सुलेशन रेझिस्टन्स) व्हॅल्यू चांगल्या, बुखोल्झमध्ये (तेलातल्या फॉल्टचा गॅस पकडणाऱ्या रिलेत) गॅस नाही. मग कोणीतरी पिकअप, म्हणजे किती फरकाला ट्रिप द्यायची ती किमान मर्यादा, रेटेड करंटच्या ०.३ वरून ०.५ करतं. ही सगळ्यांत वाईट दुरुस्ती. मूळ चूक तशीच राहते आणि वाइंडिंगमधला छोटा फॉल्ट दिसेनासा होतो. त्याऐवजी रिलेच्या मेझरमेंटमध्ये डिफरन्शियल करंट लोडच्या किती टक्के आहे ते बघा. चूक कुठे आहे हे बहुतेक वेळा तो आकडाच सांगतो.

समजा, ट्रान्सफॉर्मर २० एमव्हीए, ३३/११ केव्ही, डीवायएन ११ (३३ केव्ही बाजू डेल्टा, ११ केव्ही बाजू स्टार, दोन्हीत ३० अंशांचा फरक) आहे. फुल लोडला ३३ केव्ही बाजूला ३५० अँपिअर, ११ केव्ही बाजूला १०५०. सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, रिलेसाठी करंट लहान करणारे) ४००/१ आणि १२००/१ असतील, तर रिलेला दोन्हीकडून ०.८७५ अँपिअर मिळतात. आकडे जुळले म्हणून लोक निश्चिंत होतात, पण दोन्ही करंटमध्ये ३० अंशांचा फरक असतो. रिलेमध्ये व्हेक्टर ग्रुप (म्हणजे हेच डीवायएन ११) भरायचा राहिला, तर तिन्ही फेजना लोडच्या ५२% डिफरन्शियल दिसेल. ११ च्या जागी १ भरला असेल तर फरक ६० अंशांचा होतो आणि आकडा १००% येतो. नेमप्लेट आणि सेटिंग जुळूनही १००% येत असेल, तर साइटवरचा फेज सिक्वेन्स तपासा. दोन्ही बाजूंना दोन फेजच्या केबल अदलाबदल झाल्या की ११ चा ट्रान्सफॉर्मर १ सारखा वागतो. एका बाजूच्या तिन्ही सीटी उलट्या असतील तर थेट २००%.

११ केव्ही बाजूची एकच सीटी उलटी असेल तर गणित बदलतं. बहुतेक न्यूमेरिकल (मायक्रोप्रोसेसरवाले) रिले स्टार बाजूला दोन फेजची वजाबाकी करून √३ ने भागतात, त्यामुळे एका सीटीची चूक दोन फेजमध्ये ११५% दिसते. त्याच सीटीची वायर टर्मिनलला सुटली असेल, तर दोन फेजमध्ये ५८%. तिन्हीत ५२ आणि दोनात ५८, यात गल्लत करू नका.

पिकअप ०.३ असताना ५२% ची चूक लोड ५८% च्या वर जाईपर्यंत ट्रिप देत नाही. हिवाळा शांततेत जातो तो त्यामुळेच.

खरं तर हे चार्जिंगआधीच्या स्टॅबिलिटी टेस्टमध्येच (कमी व्होल्टेजवर करंट वाहवून रिलेला फरक दिसतो का ते पाहण्यात) सापडायला हवं. ३३ केव्ही बाजूला तीन फेज ४१५ व्होल्ट द्या आणि ११ केव्ही बाजू शॉर्ट करा. इम्पीडन्स १०% असेल तर ३३ केव्हीला सुमारे ४४ अँपिअर आणि ११ केव्हीला १३२ अँपिअर वाहतील. रिलेला दोन्हीकडून ११० मिलिअँपिअर. सप्लाय ३२ अँपिअरच्या सॉकेटवरून घेतला तर तोच ट्रिप होऊ शकतो, ६३ अँपिअरचा एमसीसीबी (ब्रेकर) घ्या. शॉर्टिंग सीटीच्या पलीकडे, बसबारच्या बाजूला हवं. ते ट्रान्सफॉर्मरच्या बुशिंगवर केलं तर ११ केव्हीची सीटी शून्य दाखवते आणि टेस्ट नापास झाल्यासारखी वाटते.

रस्ता खोदताना ११ केव्ही फीडरची केबल तुटली आणि फीडरच्या ब्रेकरसोबत ट्रान्सफॉर्मरही डिफरन्शियलवर गेला, तर संशय झिरो सिक्वेन्सवर (अर्थ फॉल्टमध्ये तिन्ही फेजमधून एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटवर) घ्या. हा करंट स्टार बाजूच्या सीटींतून जातो, पण डेल्टामुळे ३३ केव्हीच्या लाइनमध्ये येत नाही. काही रिलेंमध्ये कॉम्पेन्सेशन (३० अंशांच्या फरकाची दुरुस्ती) कोणत्या बाजूला करायचं ते निवडता येतं. ते डेल्टा बाजूला निवडून स्टार बाजूचा झिरो सिक्वेन्स फिल्टर बंद ठेवणं ही नेहमीची चूक.

फक्त पावसाळ्यात आणि फक्त अर्थ फॉल्टच्या वेळी ट्रिप येत असेल तर मार्शलिंग बॉक्स (सीटीच्या वायर एकत्र येतात तो) उघडा. इथल्या खाऱ्या दमट हवेत टर्मिनलवर थर बसतो आणि सीटी सर्किटला नको तिथे दुसरं अर्थिंग मिळतं. शटडाऊन घ्या, अर्थ लिंक काढा, रिलेच्या बाजूचे स्टड उघडा आणि सीटीचा कोर (सेकंडरी सर्किट) ५०० व्होल्टच्या मेगरने तपासा. १ मेगोहमच्या खाली असेल तर टर्मिनल बदला. लिंक परत लावायला विसरू नका, आणि अर्थिंग एकाच जागी ठेवा.

स्लोप, म्हणजे बायस करंटच्या किती टक्के फरक चालेल ते, दुसऱ्या मेकच्या रिलेवरून उतरवून घेऊ नका. एका रिलेत बायस म्हणजे दोन करंटची बेरीज, दुसऱ्यात त्यांची सरासरी. सरासरीवाल्यातला ३०% स्लोप बेरीजवाल्यात तसाच भरला तर तो ६०% सारखा वागतो. उलट दिशेने स्लोप फार कमी होतो, आणि ओएलटीसी (लोड चालू असताना टॅप बदलणारा चेंजर) -१५% टॅपवर असताना १७-१८% डिफरन्शियल तर नुसत्या टॅपमुळेच येतं.

फक्त चार्जिंगच्या क्षणी ट्रिप होत असेल तर इनरश, म्हणजे कोर मॅग्नेटाइझ होताना क्षणभर येणारा मोठा करंट. सेकंड हार्मोनिक ब्लॉकिंग (इनरश ओळखून ट्रिप रोखणारं) साधारण १५% वर चालू आहे ना ते पाहा. हायसेटला (मोठ्या फरकाला लगेच ट्रिप देणाऱ्या सेटिंगला) हे ब्लॉकिंग लागू नसतं. हायसेट रेटेड करंटच्या ५ पटीवर असेल तर इनरशमध्ये ट्रिप येऊ शकते. ८ ते १० पट ठेवा.

सगळं बरोबर असूनही ट्रिप आली, तर फॉल्ट खरा आहे असं धरून चला, पण तो वाइंडिंगमध्येच असेल असं नाही. झोन एका सीटीपासून दुसऱ्या सीटीपर्यंत असतो. पॅनेल ते ट्रान्सफॉर्मर केबल आणि केबल बॉक्स त्यातच येतात. केबल सोडवून ट्रान्सफॉर्मर आणि केबल वेगवेगळे मेगर करा, आणि केबल बॉक्सच्या तळाशी पाणी साचलंय का ते आधी बघा.