नखांवरच्या रेघा: आधी दिशा बघा, मग उपाय ठरवा

नखावर रेघा दिसल्या की बहुतेक घरांत निदान ठरलेलंच असतं: कॅल्शियम कमी झालंय. मेडिकलमधून गोळ्या येतात, महिना-दोन महिने घेतल्या जातात, आणि रेघा आहेत तिथेच राहतात. नख केराटिन नावाच्या प्रथिनाचं असतं. त्यात कॅल्शियम अगदी नगण्य, आणि नखाचा कडकपणा त्यावर अवलंबून नसतो. नखावरचे पांढरे ठिपकेही बहुधा कॅल्शियमचे नसतात. मुळाशी लागलेल्या बारीकसारीक ठेचेचे असतात.

नख तयार होतं ते कातडीखाली, नखाच्या मुळात. अंगठ्याच्या नखाशी जी पांढरट चंद्रकोर दिसते, तो त्या मुळाचाच बाहेर डोकावणारा भाग. तिथून हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर पुढे सरकतं, म्हणजे पूर्ण नख बदलायला सहा महिने लागतात. पायाचं नख याच्या निम्म्या वेगाने वाढतं. अंगठ्याला वर्ष-दीड वर्ष सहज लागतं. बाहेर दिसणारं नख निर्जीव असतं, त्यामुळे पडलेली रेघ वरून काही लावून भरून येत नाही. मुळाची अडचण दूर करायची, आलेलं नख जपायचं आणि नवीन नख येईपर्यंत थांबायचं, असा हा सगळा उपचार आहे. पंधरा दिवसांत रेघा घालवण्याचा दावा करणाऱ्या कोणत्याही बाटलीवर पैसे घालू नका.

तपासायचं कसं

नेलपॉलिश पूर्ण काढा, हात धुऊन कोरडे करा आणि खिडकीपाशी उजेडात बसा. बोट थोडं तिरकं धरलं की उंचसखलपणा नीट दिसतो. चार गोष्टी टिपून ठेवा: रेघा उभ्या आहेत (मुळापासून टोकाकडे) की आडव्या, किती नखांवर आहेत, रंग बदललाय का, आणि नखाभोवतीची कातडी सुजलेली किंवा लाल आहे का. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दर महिन्याला त्याच जागी, त्याच उजेडात पुन्हा काढला की फरक पडतोय की नाही ते कळतं.

उभ्या रेघा

बहुतेक सगळ्या नखांवर बारीक, समांतर उभ्या रेघा असतील, रंग नेहमीचा असेल आणि वय चाळिशीच्या पुढे असेल, तर ते वयाचं लक्षण आहे. त्याला औषध नाही आणि गरजही नाही. कोरडेपणाने या रेघा जास्त उठून दिसतात. भांडी, धुणं, सारखं सॅनिटायझर, थंडी यांमुळे नख फुगतं, सुकतं आणि टोकाला चिरतं. तिथे खाली दिलेली तेल-मलमाची निगा उपयोगी पडते.

मात्र काही उभ्या रेघांकडे दुर्लक्ष करू नये. एकाच नखावर मधोमध किंवा कडेला एक रुंद पन्हळ पडली असेल, तर नखाच्या मुळावर दाब येत असतो. मुळालगत मऊ, चकचकीत, वाटाण्याहून लहान गाठ दिसते का बघा. अशी गाठ सुईने टोचू नका. आत चिकट द्रव असतो, सांध्याशी तिचा संबंध असू शकतो आणि जंतुसंसर्ग सांध्यात जाऊ शकतो.

रेघांबरोबर नख पातळ होत चाललं असेल, उभं फाटत असेल आणि वरची कातडी नखावर चिकटून पुढे येत असेल, तर लायकेन प्लॅनस हा आजार असण्याची शक्यता असते. मनगटावर जांभळट खाजणारे डाग किंवा गालाच्या आतून पांढरी जाळी दिसली तर शंका आणखी बळावते. यात उशीर महागात पडतो, कारण मुळावर व्रण झाला की ते नख पुन्हा नीट येत नाही. थेट त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

उंचवटा नसलेली पण तपकिरी-काळी उभी रेघ ही वेगळी बाब. आपल्या वर्णाच्या लोकांत अनेक नखांवर फिकट तपकिरी रेघा असणं सामान्य आहे. पण एकाच बोटावर नव्याने आलेली, रुंद होत जाणारी किंवा जिचा रंग शेजारच्या कातडीवर पसरलाय अशी रेघ लगेच दाखवायची. तो नखाखालचा कर्करोग असू शकतो.

आडव्या खाचा

आडवी खाच म्हणजे मुळाचं काम मध्येच मंदावल्याची खूण. जोसेफ बो या फ्रेंच डॉक्टरांनी १८४६ मध्ये या खाचांचं वर्णन केलं, म्हणून आजही डॉक्टर त्यांना 'बोज लाइन्स' म्हणतात. डेंग्यू, टायफॉइड, न्यूमोनिया, कोविड, मोठी शस्त्रक्रिया अशा कशानेही शरीर कोलमडलं की नखाची वाढ मागे पडते आणि काही आठवड्यांनी सगळ्या किंवा बहुतेक नखांवर एकाच अंतरावर खाच उमटते. केमोथेरपीत तर दर फेरीची एक अशा ओळीने खाचा दिसू शकतात.

तारीख काढता येते. पट्टी घेऊन कातडीच्या कडेपासून खाचेपर्यंतचं अंतर मोजा आणि ३ ने भागा. अंतर ६ मिलिमीटर असेल तर खाच बाहेर येऊन साधारण दोन महिने झाले. त्याआधी ती काही आठवडे कातडीखाली होती, म्हणजे आजार अडीच-तीन महिन्यांपूर्वीचा. सप्टेंबरात डेंग्यू झाला असेल तर ऑक्टोबरच्या सुमारास खाच मुळाशी दिसू लागते, डिसेंबर-जानेवारीत नखाच्या मध्यावर येते आणि मार्च-एप्रिलमध्ये नेलकटरने कापली जाते. हिशोब जुळला तर काही करायचं नाही. जुळत नसेल, आजार आठवत नसेल, किंवा खाचा पुन्हा पुन्हा येत असतील, तर डॉक्टरांना विचारा.

लहान मुलांत हँड-फूट-माउथचा ताप येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांनी कधीकधी नखं मुळापासून सुटून गळतात. आईवडील घाबरतात, पण दुखत नाही आणि नवी नखं आपोआप येतात. सुटलेला तुकडा ओढायचा नाही. कपड्यात अडकेल तेवढाच भाग कापायचा.

फक्त अंगठ्यांच्या नखांवर, मधोमध, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकाखाली एक आडव्या खाचा असतील, तर कारण बहुधा सवय असते: तर्जनीच्या नखाने अंगठ्याच्या मुळाची कातडी नकळत खरवडणं. फोनवर बोलताना, गाडीत, अभ्यास करताना हात कुठे जातो ते घरच्यांना बघायला सांगा. उपाय साधा आहे. अंगठ्याच्या मुळावर कागदी चिकटपट्टी (मेडिकलमध्ये मायक्रोपोर म्हणून मिळते) गुंडाळा, ओली झाली की बदला, आणि तीन महिने तरी सोडू नका. पट्टी हाताला लागली की सवय लक्षात येते, आणि खालची कातडीही भरून येते. महिनाभरात मुळाशी गुळगुळीत नखाची पट्टी दिसली, तर निदान बरोबर आहे.

दिवसभर पाण्यात हात असणाऱ्यांची तऱ्हा वेगळी. धुणीभांडी, मासे साफ करणं, हॉटेलचं स्वयंपाकघर, पार्लर अशा कामांत नखाच्या मुळाशी असलेली बारीक कातडी, जी नख आणि बोट यांच्यातली फट बंद ठेवते, तीच नाहीशी होते. फटीत साबणाचं पाणी जातं, कड सुजून राहते आणि नख वेडंवाकडं, आडव्या लाटांचं येतं. इथे नुसत्या बुरशीच्या मलमाने भागत नाही, हात कोरडे ठेवावेच लागतात. आत सुती हातमोजे, वर रबरी. एका वेळी १५-२० मिनिटं, कारण आत घाम साचला तर रबरी मोजेही त्रासच देतात. सुती मोज्यांचे दोन-तीन जोड असू द्या. मॅनिक्युअर करताना ती कातडी धातूच्या काडीने मागे ढकलू देऊ नका, कापू तर मुळीच देऊ नका. सूज सहा आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टर सौम्य स्टिरॉइडचं मलम देतात. ते मनाने आणून लावायचं नाही. ठणका आणि पू असेल तर ते नखुरडं झालंय, त्याच दिवशी दाखवा.

लोह

नख पातळ होऊन मध्ये दबलं, चमच्यासारखं खोलगट झालं, पाण्याचा थेंब त्यावर थांबू लागला, तर लोहाची कमतरता तपासा. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) या दोन चाचण्या करा. हिमोग्लोबिन स्त्रियांत १२ च्या खाली आणि पुरुषांत १३ च्या खाली असेल तर रक्तक्षय समजतात. गरोदरपणात ही मर्यादा ११ आहे. तपासल्याशिवाय लोहाच्या गोळ्या सुरू करू नका, आणि सुरू झाल्यावर हिमोग्लोबिन वर आलं म्हणून लगेच थांबवूही नका. शरीरातला साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने लागतात.

आहारात हळीव हा आपल्याकडचा चांगला स्रोत. चमचाभर हळीव भिजवून लिंबू पिळून घेतले तर क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. गरोदर स्त्रियांनी मात्र विचारल्याशिवाय घेऊ नयेत. जेवणाबरोबर चहा घेतल्याने लोह वाया जातं. मध्ये तासाभराचं अंतर ठेवा. हा बदल फुकटचा आहे आणि गोळीइतकाच मनावर घेण्यासारखा.

रोजची निगा

रात्री झोपण्यापूर्वी बोटं कोमट पाण्यात ५ मिनिटं बुडवा, टिपून घ्या आणि ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल नखावर आणि मुळाच्या कातडीवर चोळा. नखं फार ठिसूळ असतील तर १० ते २० टक्के युरियाचं क्रीम जास्त चांगलं काम करतं. चिरलेल्या कातडीवर ते झोंबतं, तिथे टाळा. पाण्यात काम करून हात सुजलेल्यांनी मात्र भिजवणं सोडून नुसतं मलम लावावं. नखं आखूड ठेवा. कानस एकाच दिशेने चालवा. करवतीसारखी पुढे-मागे केली की टोकाचे पापुद्रे सुटतात. रिमूव्हर अॅसिटोन नसलेला घ्या आणि आठवड्यातून एकदाच वापरा.

रेघा घासून काढायचा मोह होतोच. घासायचंच असेल तर २४० किंवा त्याहून बारीक ग्रिटचा (आकडा जितका मोठा, तितका बारीक) बफर घ्या, प्रत्येक नखावर ५-६ हलके हात फिरवा, तेही चार-सहा आठवड्यांतून एकदा. नखाची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. मुळाशी आलेला भाग टोकाला पोचायला सहा महिने घेतो. दर आठवड्याला घासलं तर तोच भाग वीसहून अधिक वेळा झिजतो आणि टोकाला कागदासारखा वाकतो. पातळ किंवा खोलगट नखं अजिबात घासू नका. त्यापेक्षा 'रिज फिलर' नावाचा बेस कोट बरा: दोन पातळ थर, पहिला पूर्ण सुकल्यावर दुसरा. जेल पॉलिश खरवडून काढल्याने नखाचा वरचा थर निघतो; जेल लावणार असाल तर भिजवून, वेळ देऊन काढून घ्या.

लसूण चोळू नका, कातडी भाजते. लिंबू नखं आणखी सुकवतं.

बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व ठिसूळ नखांना काहींच्या बाबतीत मदत करतं. लहान अभ्यासांत रोज २.५ मिलिग्रॅमची मात्रा वापरली गेली आहे. वयाच्या रेघा त्याने जात नाहीत. आणि ते घेत असाल तर रक्त देण्याआधी लॅबला आणि डॉक्टरांना नक्की सांगा, कारण थायरॉइडचे आणि हृदयविकाराच्या ट्रोपोनिन चाचणीचे आकडे त्यामुळे चुकू शकतात.

नख जाड, पिवळं, भुसभुशीत झालं असेल तर बुरशी असू शकते, पण सोरायसिस हा कातडीचा आजारही तसाच दिसतो. सोरायसिसमध्ये सुईने टोचल्यासारखे खड्डे आणि तेलाच्या डागासारखे पिवळट ठिपके असतात. बुरशीची तोंडाने घ्यायची औषधं महिनोन्महिने चालतात आणि त्यासाठी यकृताची तपासणी लागू शकते, म्हणून आधी नखाचा चुरा तपासून घ्या. दवाखान्यात जाताना पॉलिश काढून जा, दोन आठवडे आधीपासून बुरशीचं मलम लावू नका (चुऱ्यात बुरशी सापडत नाही), आणि फोटो व चालू औषधांची यादी जवळ ठेवा.