रद्द झालेल्या मतदारसंघाचा तक्ता कसा मांडायचा: ‘पुणे मध्य’

१९५१-५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत पुण्यात ‘पुणे मध्य’ आणि ‘पुणे दक्षिण’ असे दोन मतदारसंघ होते. मध्यमधून काकासाहेब गाडगीळ निवडून आले, दक्षिणमधून इंदिरा मायदेव. दोघंही काँग्रेसचे. १९५७ ला नुसतं ‘पुणे’ उरलं, आणि तिथे ना. ग. गोरे यांनी काकासाहेबांना हरवलं. म्हणजे पुणे मध्यचा निकालांचा तक्ता एका ओळीचा. ती ओळ लिहायला पाच मिनिटं पुरतात. खरा वेळ जातो तो तिच्याखाली १९५७ ची ओळ जोडायची का, हे ठरवण्यात.

त्यासाठी निकालाआधी हद्द पाहा. परिसीमनाचे (मतदारसंघांच्या हद्दी आखण्याचे) आदेश १९५१, १९५६, १९६१, १९६६, १९७६ आणि २००८ चे. प्रत्येकात मतदारसंघाच्या नावापुढे व्याप्ती दिलेली असते. ती शब्दशः उतरवून घ्या, थोडक्यात नको. ‘अमुक वगळून’ हे दोन शब्द गळले की अख्खा भाग इकडचा तिकडे जातो. मग नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढा. तक्त्यात आदेश बदलतो तिथे जाड आडवी रेघ मारा आणि त्या रेघेपलीकडे ‘मतं इतक्या टक्क्यांनी घटली’ असलं गणित करू नका. ‘काँग्रेसची जागा गेली’ असं १९५७ बद्दल सर्रास लिहितात. संयुक्त महाराष्ट्राची लाट होतीच, पण मतदारही तेच होते का, हे आधी तपासायला हवं.

आता निकाल. निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल घ्या आणि जुन्या अहवालांत ‘पूना’ शोधा, ‘पुणे’ टाकून काही सापडत नाही. आकडे फाइलमधून चिकटवले की रकाने सरकतात, म्हणून सगळ्या उमेदवारांची बेरीज वैध मतांशी जुळवून पाहा. जुळली नाही तर बहुधा एखादा अपक्ष गळलेला असतो. पोटनिवडणुका या अहवालांत नसतात. त्या वेगळ्या शोधायच्या.

पक्षाचा रकाना सगळ्यात फसवा. १९५१-५२ च्या ओळीत ‘प्रजासमाजवादी’ लिहिलंत तर चूक, कारण समाजवादी आणि किसान मजदूर प्रजा पक्ष एकत्र आले ते त्या निवडणुकीनंतर. १९५७ ला गोरे संयुक्त महाराष्ट्र समितीच्या बळावर जिंकले तरी अहवालात पक्ष प्रजासमाजवादीच दिसेल. पुण्यातून निवडून आलेले मोहन धारिया १९७१ ला काँग्रेसचे आणि १९७७ ला जनता पक्षाचे. माणूस तोच, म्हणून पक्षही तोच धरू नका.

टक्केवारी काढताना तीन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, द्विसदस्य मतदारसंघ. मुंबई शहर उत्तरमधून १९५२ ला वि. बा. गांधी आणि नारायण काजरोळकर असे दोघे निवडून आले आणि डॉ. आंबेडकर हरले. तिथे प्रत्येक मतदाराला दोन मतं होती, त्यामुळे एकूण मतं मतदारसंख्येने भागली तर मतदान शंभर टक्क्यांच्या वर जाऊ शकतं. निम्मं करणंही अंदाजेच, कारण दोन्ही मतं सगळेच देत नसत. ही पद्धत १९६१ ला गेली, म्हणून ‘जागा’ असा वेगळा रकाना ठेवा. दुसरं, बाद मतं. १९५१-५२ आणि १९५७ ला दर उमेदवाराची पेटी वेगळी असे, कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. पुढे मतपत्रिकेवर शिक्का आला, म्हणून या दोन पद्धतींतल्या बाद मतांची तुलना करू नये. तिसरं, १९८९ ला मतदाराचं वय २१ वरून १८ झालं. तिथली मतदारसंख्येची उडी वस्तीवाढ म्हणून खपवू नका.

पुण्यापुरती आणखी एक गोष्ट. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतली कुटुंबं सहकारनगर, लोकमान्यनगरकडे गेली. १९६२ चे पेठनिहाय आकडे हाती आले, तर मतदार घटल्याचं हे कारण आधी तपासा; राजकीय कारण नंतर.

हीच रीत २००८ ला रद्द झालेल्या, पुणे जिल्ह्यातल्या खेड लोकसभा मतदारसंघालाही लावता येते. शिवाजीराव आढळराव पाटील २००४ ला खेडमधून आणि २००९ ला शिरूरमधून निवडून आले, म्हणून ‘खेडचं नाव बदलून शिरूर झालं’ असं लोक लिहून टाकतात. शिरूरची व्याप्ती खेडपेक्षा वेगळी आहे. हडपसर, भोसरी हे तर नव्यानेच आखलेले विधानसभा मतदारसंघ. २००४ आणि २००९ च्या मध्ये जाड रेघ इथेही हवीच.